इंग्रजी शब्दसंपदा : पाठांतर आणि परिचय
(सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात आपल्याशी संवाद साधण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. 'इंग्रजीतील कठीण शब्द कसे शिकावेत?' हा विषय मला देण्यात आला आहे. प्रारंभी माझीच एक चूक सांगतो.

महाविद्यालयात असताना एका सद्गृहस्थांनी माझे शुल्क भरले. कृतज्ञतेचे पत्र इंग्रजीत लिहावे, असे मनात आले. त्या काळी मी शब्दांच्या याद्या पाठ करीत असे. 'ऑफिशियस' या शब्दापुढे माझ्या वहीत 'सेवातत्पर' एवढेच लिहिलेले होते. तोच शब्द मी त्यांना उद्देशून वापरला. पुढे भेट झाली तेव्हा त्यांनी शब्दकोश उघडून माझ्यापुढे ठेवला. अर्थ होता, 'नको तेथे लुडबुड करणारा'! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. ते मात्र हसून म्हणाले, "बाळ, तुझी भावना पोहोचली. आता शब्दही नीट शिकून घे."

वास्तविक माझी वही सर्वस्वी चूक नव्हती. लॅटिन 'ऑफिशियम' म्हणजे कर्तव्य, सेवा. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात या शब्दाचा 'उपकारशील' असाही अर्थ दिलेला आहे. काळाच्या ओघात तो मागे पडला आणि निंदेचा अर्थ उरला. यातून मी दोन गोष्टी शिकलो : शब्दाचे मूळ पाहावे आणि त्याचा आजचा वापरही पाहावा.

मूळ पाहणे आपल्याला अवघड नाही. 'हृ' या एका धातूपासून उपसर्गांच्या योगाने आहार, विहार, प्रहार, संहार असे शब्द होतात, हे आपण शाळेत शिकलो. इंग्रजीतही हीच रीत आहे. लॅटिन 'स्पेक्' म्हणजे पाहणे. आत पाहणे ते 'इन्स्पेक्ट', मागे वळून पाहणे ते 'रेट्रोस्पेक्ट' आणि चहूकडे पाहून पाऊल टाकणारा तो 'सर्कमस्पेक्ट', अर्थात सावध. संस्कृतातील 'पश्यति' आणि हेर या अर्थाचा 'स्पश' हे शब्द याच कुळातील आहेत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडला होता. तेव्हा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने न्यूनगंड कशासाठी बाळगावा?

आता स्मरणाविषयी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टींचा विसर प्रारंभीच्या काळात सर्वाधिक वेगाने पडतो आणि एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळले. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर शब्द घोकण्यापेक्षा रोज तीन शब्द घ्यावेत. वहीत चार रकाने आखावेत : शब्द, त्याचे घटक, वाचनात आलेले वाक्य आणि स्वतः रचलेले वाक्य. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने उजळणी करावी. तिसरा रकाना रिकामा असेल, तर तो शब्द लेखनात वापरू नये. माझ्या वहीत तो रकानाच नव्हता.

शेवटी एक विनंती. कठीण शब्द ऐकणाऱ्याला दिपवण्यासाठी नसतो. जेथे सोपा शब्द पुरतो, तेथे सोपाच वापरावा. नेमका अर्थ दुसऱ्या शब्दाने साधत नसेल, तेव्हाच कठीण शब्दाला हात घालावा. त्या पत्रात 'थँक यू' एवढे दोनच शब्द पुरले असते, हे मला फार उशिरा कळले. आपल्याला ते आजच कळावे, एवढ्यासाठीच हा बोलण्याचा खटाटोप.