पडदा बसला, नजर यायची आहे

जुन्नर-आंबेगावात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आता कुणाला भीती राहिलेली नाही. नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी गोरगरिबांसाठी नेत्रसेवा उभी केली, २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पट्टी निघाली की दिसतं, हे घरोघरी ठाऊक झालं. पण डोळ्याचा पडदा सुटल्याच्या ऑपरेशनकडूनही लोक तीच अपेक्षा धरतात. आठवड्यात दिसलं नाही, की "पैसे पाण्यात गेले" म्हणून तपासणीला जाणंच बंद!

कांद्याचं रोप घ्या. वाफ्यातून उपटलं की मुळांचं पाणी तुटतं. लगेच लावलं तर चार दिवस मान टाकतं आणि उभं राहतं. बांधावर उन्हात पडलं, तर लागण कितीही चांगली करा, काही रोपं जातातच. डोळ्याच्या पडद्याचंही तसंच. त्याला मागच्या थरातून पोषण मिळतं, सुटला की ते तुटतं. डॉक्टर त्याला जागेवर बसवतात. मूळ धरायला त्याचा त्याला वेळ लागतो. वाचायची, चेहरे ओळखायची मधली जागा सुटली होती का, आणि किती दिवस, यावर पुष्कळसं ठरतं. नजर महिन्यामहिन्यानं सुधारते, कधी वर्षभर. सरळ रेघ वाकडी दिसणं हळूहळू कमी होतं, काहींचं थोडं राहतंही. लावलेलं रोप रोज उपटून मुळं बघतो का आपण? मग भेटायला येणाऱ्यांनी "किती बोटं?" म्हणून पेशंटच्या तोंडापुढे हात कशाला नाचवायचे?

पडदा जागेवर धरून ठेवायला डोळ्यात गॅस सोडला असेल तर सुरुवातीला धूसरच दिसणार. मग एक आडवी, हलती रेघ दिसते. तिच्या वरचं आधी उजळतं, आणि रेघ खाली खाली जाते. डॉक्टरांनी पालथं राहायला सांगितलं, तर पेशंट घरची बाई असली तरी पाहुण्यांना चहा द्यायला तिनं उठायचं नाही. सुनांनो, मुलांनो, हे तुम्ही बघा. मुंबईला ऑपरेशन झालं असेल तर माळशेज घाट चढून घरी येण्याआधी डॉक्टरांना विचारा. उंचीवर गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो.

गॅसऐवजी तेल भरलं असेल तर ते बहुधा काही महिन्यांनी काढावं लागतं. चष्म्याचा खरा नंबर त्यानंतर. पुढे पुन्हा धूसर झालं, तर कित्येकदा तो मोतीबिंदू असतो, काढता येतो. पण हे तपासणीला गेलात तरच कळणार ना! पुन्हा सांगतो, आठवड्यात दिसलं नाही म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. मात्र डोळा ठणकला किंवा दिसणारं एकाएकी कमी झालं, तर तारखेची वाट पाहू नका.

वेळ संपत आली. दुसऱ्या डोळ्याबद्दल बरंच सांगायचं होतं... निदान बाहुली मोठी करून त्याचाही पडदा तपासून घ्या. काजवे चमकले, काळे ठिपके एकदम वाढले, कडेनं सावली सरकत आली, तर टोमॅटोचा तोडा चालू असला तरी त्याच दिवशी निघा.