ज्ञानदान हेच अभयदान



डायलिसिस केंद्रास यंत्र देणे हे पुण्यकर्म खरेच; परंतु यंत्र आणि रुग्णाचे रक्त यांना जोडणारी वाट रुग्णानेच जपावयाची असते. हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या या वाटेस फिस्टुला म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉ. ब्रेशिया, डॉ. सिमिनो व सहकाऱ्यांनी 1966 साली ही पद्धत जगापुढे मांडली.

रुग्णाने रोज त्या जागी बोटे ठेवून थरथर जाणवते का, हे पाहावे. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये. घट्ट बाही, घड्याळ, बांगड्या, जड पिशवी टाळावी. त्या हातावर डोके ठेवून झोपू नये. सुई टोचण्यापूर्वी हात साबणाने धुवावा. थरथर थांबल्यास, किंवा लाली, सूज, पू दिसल्यास उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ही वाट बंद पडली, तर बहुधा मानेतील नळीचा आधार घ्यावा लागतो आणि जंतुसंसर्गाचे भय वाढते.

आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने आपल्या परंपरेने सांगितली. रुग्णास एवढे शिकविणे म्हणजे ज्ञानदान, आणि त्यातूनच अभयदान. यंत्रासोबत ही शिकवणही समाजाने द्यावी, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षाची प्रार्थना.

जय जिनेंद्र!