‘पोक काढू नकोस’ म्हणण्याआधी



या शाळेतल्या सातवीच्या मुली आत्ता लेझीम खेळल्या. गुडघे वाकत होते, कंबर लवत होती, पुन्हा सरळ होत होती, आणि शेवटपर्यंत एकीचाही खांदा पडला नाही. याच मुली सोमवारी वर्गात बसतील तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणी वहीवर पार ओणव्या झालेल्या असतील. शरीर तेच, मग फरक कुठून येतो? मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून आज त्याच्यावरच बोलते.

घराघरात एकच वाक्य ऐकू येतं, “पोक काढू नकोस, ताठ बस.” मूल दोन मिनिटं छाती पुढे काढून बसतं आणि पुन्हा खाली येतं. आईवडिलांना वाटतं, पोरगं ऐकत नाही. पालकहो, बहुतेक मुलं आळसाने वाकत नाहीत. बाक त्यांच्या मापाचा नसतो, पाठीच्या स्नायूंना तेवढा वेळ सावरून धरायची ताकद नसते, आणि मुख्य म्हणजे त्यांना हलायची मुभा नसते. या तीन गोष्टी बदलल्याशिवाय नुसतं ओरडून काही होत नाही.

मुलांनो, आपला पाठीचा कणा मुळात सरळ नसतोच. मानेत ७ मणके, पाठीत १२, कमरेत ५ आणि त्यांच्या खाली एकमेकांत जुळून गेलेले मणके. बाजूने पाहिलं तर हा कणा मानेशी आत, पाठीशी बाहेर आणि कमरेशी पुन्हा आत वळलेला दिसतो. ही वळणं आपापल्या जागी राहिली, डोकं खांद्यांच्या वर आणि खांदे कमरेच्या वर राहिले, की स्नायूंना कमीत कमी कष्ट पडतात. परेडमधल्या ‘सावधान’सारखं छाती फुगवून दिवसभर बसायचं नाही. त्याने पाठ उलट लवकर दमते.

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. मोठेपणी या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की तिच्यातलं थोडं पाणी बाहेर जातं, आडवं झाल्यावर परत येतं. म्हणून सकाळी उठल्याबरोबर आपली उंची रात्रीपेक्षा साधारण सेंटिमीटरभर जास्त भरते. उद्या घरी भिंतीवर पेन्सिलने खूण करून बघा, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा. हे कळलं की पुढचं आपोआप कळतं: पाठीला हालचाल हवी असते. कितीही चांगली बैठक असो, ती तास-दीड तास तशीच धरून ठेवली की पाठ तक्रार करणारच. थोड्या थोड्या वेळाने बैठक मोडा, उठा, हात वर ताणा, चार पावलं चाला.

मोबाइलचं सांगते, कारण तो आता घरोघर आहे. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर जमते, तीच हात लांब करून धरली तर दंड भरून येतो. मान पुढे झुकली की डोक्याचंही तसंच होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका शल्यविशारदाने याचं गणित मांडलं. मान ६० अंश खाली वाकली, तर मानेवर पडणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हे गणिती प्रारूपातून काढलेले आकडे आहेत, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मान काही नाजूक नसते, मिनिटभर खाली बघितल्याने तिला काही होत नाही. त्रास होतो तो रात्री अंथरुणात तासन्‌तास तसंच पडून बघण्याने. मोबाइल डोळ्यांच्या समोर उचला आणि लवकर खाली ठेवा.

आता मुलींशी थोडं. आठवी-नववीच्या वयात उंची झपाट्याने वाढते, शरीर बदलतं, आणि कितीतरी मुली खांदे पुढे ओढून, दप्तर छातीशी धरून चालू लागतात. वर्गात सगळ्यांत उंच असलेली मुलगी फोटोत मुद्दाम गुडघ्यात वाकते. हे वाकणं लाजेतून येतं. माझ्याकडे मान-खांद्यांच्या दुखण्यासाठी येणाऱ्या बायकांमध्ये याच वयात वाकायला लागलेल्या अनेक जणी असतात, आणि त्यांच्याशी बोलताना मला फार वाईट वाटतं. आयांनो, मावश्यांनो, शिक्षिकांनो, या मुलींना “नीट चाल” एवढंच सांगू नका. त्यांना मापाचे कपडे घेऊन द्या, त्यांच्या उंचीवरून कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, त्यांना कबड्डीला, खो-खोला, मल्लखांबाला पाठवा. मैदानावर उतरलेली मुलगी आपलं अंग लपवायचं विसरते.

आता व्यायामाचं बोलू. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार तुम्हाला नावाने माहीत असतील. १९१८ मध्ये कर्नाटकातल्या बेल्लूर गावी जन्मले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी ते इतके खंगले होते की डोकं वर धरायलाही कष्ट पडत, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. १९३७ मध्ये ते पुण्याला योग शिकवायला आले आणि नंतर जगभरचे लोक त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. प्रख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिनही त्यांतलेच. अय्यंगारांची मला सर्वांत भावणारी गोष्ट अशी, की ज्याला आसन जमत नाही त्याचाही त्यांनी विचार केला. त्याच्यासाठी पट्टा, दोरी, लाकडी ठोकळा, खुर्ची आणली. तुम्हीही जमिनीवर मांडी घालून अभ्यासाला बसता तेव्हा बुडाखाली चादरीची जाड घडी घ्या. कंबर थोडी वर उचलली जाते आणि पाठ फारशी खटपट न करता उभी राहते. रोज भुजंगासन, शलभासन, थोडं बारला लोंबकळणं, आणि भिंतीला पाठ टेकून हनुवटी हलकेच आत घेणं एवढं केलंत तरी काही आठवड्यांत फरक जाणवेल.

एक गोष्ट मात्र व्यायामाच्या पलीकडची आहे. शंभरातल्या दोन-तीन मुलांचा कणा वाढीच्या वयात बाजूला वळतो. तो दप्तराने वळत नाही, पोक काढल्यानेही नाही, त्यामुळे मुलाला बोल लावू नका. मूल पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकलं आणि पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढ चालू असेपर्यंत पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याचा (ब्रेसचा) उपयोग होऊ शकतो, म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं.

शेवटी मुख्याध्यापकांकडे काही मागणं आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात आहे. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. यातला एक किलो तर लिटरभर पाण्याच्या बाटलीतच जातो! शाळेत पिण्याचं स्वच्छ पाणी मिळालं तर मुलं बाटली रिकामी आणतील. पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना एकाच उंचीचे बाक देऊ नका. नवे घेणं शक्य नसेल तर ज्यांचे पाय लोंबतात त्यांच्या पायांखाली फळी ठोकून घ्या. आणि प्रत्येक तास बदलताना सगळ्या वर्गाला उभं करून हात वर ताणायला लावा. तेवढ्याने अभ्यासक्रम मागे पडणार नाही.

मुलांच्या पाठी तपासायला माझे सहकारी आणि मी शाळेत यायला तयार आहोत, त्याचे पैसे लागणार नाहीत. पुढच्या महिन्यातला एखादा शनिवार सांगा, आणि त्या दिवशी कार्यालयातला वजनकाटा दारात आणून ठेवा, दप्तरंही तोलू.