रुळायचे कोणी: विद्यार्थ्याने की विद्यापीठाने?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जून-जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांच्या एसटी स्थानकांवर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. पत्र्याची ट्रंक आता गेली, तिच्या जागी चाकांची बॅग आली. पण अंथरुणाची वळकटी, चटणी-लाडवांचा डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली कागदपत्रांची फाइल हे सामान बदललेले नाही. नंदुरबार, गडचिरोली, बीड, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांतून एखादा मुलगा वा मुलगी पुण्याला, मुंबईला, नागपूरला उतरते. बरोबर आलेला बाप प्रवेशाच्या रांगेत दिवसभर उभा राहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्या घटकेपासून ते मूल महाविद्यालयाचा विद्यार्थी होते, आणि त्याच घटकेपासून ते एकटेही पडते.

अशा मुलाविषयी प्राध्यापक, नातेवाईक, शेजारी सारेच एक वाक्य बोलतात: ‘रुळेल हळूहळू.’ हे वाक्य आपुलकीने उच्चारले जाते, म्हणून त्यातला अन्याय सहसा ध्यानात येत नाही. वाट रुळते ती तिच्यावरून आधी अनेक पाय गेलेले असतात म्हणून. ज्याच्या घरातले आजोबा, वडील, मावशी, चुलतभाऊ महाविद्यालयात जाऊन आलेले आहेत, त्याला ती वाट रुळलेली मिळते. ज्याच्या घरातून पहिलेच पाऊल बाहेर पडले आहे, त्याला एकाच वेळी वाट पाडायची असते आणि तीवरून चालायचेही असते. दोघांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे समता झाली, असे मानणारी व्यवस्था पहिल्या मुलाला हुशार ठरवते आणि दुसऱ्याला ‘बुजरा’ म्हणून मोकळी होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जुन्या पिढीतील कितीतरी थोर माणसे माधुकरी मागून, वार लावून, रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचून शिकली. त्यांच्यासाठी कोणी काय केले होते? आक्षेपाचे उत्तर त्या आक्षेपातच आहे. वार लावून जेवणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरलेली असणे. परगावाहून आलेल्या गरीब विद्यार्थ्याला शहरातल्या सात कुटुंबांनी आपल्या पंक्तीला बसवायचे, ही समाजाने लावून दिलेली व्यवस्था होती. त्या विद्यार्थ्यांचे कष्ट खरे होते, त्यांची जिद्द खरी होती. परंतु ते एकटे नव्हते. आणि त्या सात घरांची दारे कोणत्या जातीच्या मुलाला उघडी होती, हेही सर्वश्रुत आहे. ज्याला वार मिळत नव्हता त्याने काय करावे, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नाही. तो ज्याने विचारला त्याचे नाव राजर्षी शाहू.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. येथे तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा प्रसिद्ध हुकूम १९०२ सालचा. मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह त्याच्या आदल्या वर्षीचे. नोकरीतली जागा राखून ठेवायची तर तेथवर पोचणारा मुलगा शहरात टिकला पाहिजे, आणि तो टिकायचा तर त्याला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न पाहिजे, हे या राजाने ओळखले होते.

त्याच कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह उभारले, जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. शाहूंनी जातवार वसतिगृहे काढली होती. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याच मुशीतून निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आरंभीच्या कामांतच १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली त्यांनी महाविद्यालय सुरू केले, ते मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समितीचा पाया घातला. या साऱ्या मंडळींना एक गोष्ट पक्की कळली होती: प्रवेश देणे म्हणजे दार उघडणे, आत आलेल्याला बसायला पाट देणे हे वेगळे काम आहे, आणि ते कोणीतरी मुद्दाम करावे लागते.

आज परिस्थिती काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम आखून दिला. कल्पना चांगली आहे. परंतु बऱ्याच ठिकाणी तिचे रूप एका सभागृहातला दीड तासाचा समारंभ, प्राचार्यांचे भाषण आणि एक पुष्पगुच्छ एवढेच उरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विद्यार्थी सूचना फलकासमोर उभा असतो. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही पदवीची नवी रचना आली. मेजर, मायनर, क्रेडिट असे शब्द फलकावर असतात. त्यांतला कोणता विषय निवडल्याने पुढे कोणती वाट बंद होते, हे घरी विचारण्यासारखे कोणी नसते. शेजारच्या मुलीला तिच्या मोठ्या भावाने ते जेवणाच्या ताटावर सांगितलेले असते.

भाषेची अडचण तर जुनीच आहे. बारावीपर्यंत मराठीत विचार करणारी मुले एकाएकी इंग्रजी व्याख्यानासमोर बसतात. विषय कळत नाही असे नसते. विषयाची नावे कळत नाहीत. शंका विचारावी तर वाक्य इंग्रजीत जुळवावे लागते, ते जुळेपर्यंत तास संपतो. चार महिने असे मौनात गेले की मुलाला स्वतःच्या बुद्धीविषयीच संशय वाटू लागतो. पहिल्या सत्रात राहिलेल्या विषयांचे ओझे पुढे एटीकेटीच्या रूपाने वर्षभर पाठीवर राहते.

पैशाचा प्रश्न तर सर्वांच्या मुळाशी आहे, आणि तो केवळ रकमेचा नसून वेळेचाही आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला साठ हजार रुपये ठरली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना आहे. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. या निर्णयांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र खानावळवाला पैसे महिन्याच्या पाच तारखेला मागतो, कॉट बेसिसवर जागा देणारा मालक अनामत पहिल्याच दिवशी घेतो, आणि योजनेची रक्कम अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा पोचते. या मधल्या महिन्यांत मुले एक वेळचे जेवण सोडतात, सावकारी कर्ज घेतात, नाहीतर बॅग उचलून गावी जातात. शुल्क माफ झालेली मुलगीदेखील खोलीच्या भाड्यापायी परत जाऊ शकते. शाहूंना १९०१ साली जे दिसले, ते आजच्या कारभारालाही दिसायला हवे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे होते, मेस बंद होते. ज्याच्या गावच्या घराला कुलूप आहे त्या मुलाने कोठे जायचे, याचा विचार कोणत्याच वेळापत्रकात नसतो. विद्यापीठाचे वेळापत्रक ज्यांच्या घरी दिवाळी साजरी होते त्यांच्यासाठी बनलेले आहे.

आणि या सगळ्यावर आडनाव विचारण्याची रीत. ‘प्रवेश परीक्षेत किती गुण?’ हा प्रश्न वरकरणी साधा. पण तो कोणाला, कोणत्या सुरात आणि कितीदा विचारला जातो, हे ऐकणाऱ्याला समजते. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला, अनुदान आयोगाचे नियम २००९ साली आले. तरीही जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या दोन बुद्धिमान तरुणांनी आपले आयुष्य संपवले. दोघेही पहिल्या वर्षाच्या उंबरठ्यावरून कधीच पुढे गेलेले होते. अपमानाची सवय संस्थेत शिरली की ती पदवीनंतरही माणसाची पाठ सोडत नाही, हाच याचा अर्थ. त्या दोघांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मार्च २०२५ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला यात लक्ष घालावे लागते, याचा अर्थ ‘रुळेल हळूहळू’ या वाक्यावर यापुढे विसंबता येत नाही.

मग कार्यकर्त्याने काय करायचे? मोर्चा आणि निवेदन यांची जागा आहेच. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पहिल्या महिन्यात मिळावा, सुट्टीतही मेस चालू राहावी, रॅगिंगविरोधी समिती कागदावरून उठून प्रत्यक्ष बसावी, या मागण्या लावून धरल्याच पाहिजेत. परंतु मागणी मान्य होईपर्यंत यंदाचा विद्यार्थी थांबू शकत नाही. त्याच्यासाठी चार कामे हाताशी आहेत.

पहिले काम तालुक्याच्या गावी, निकालाच्या दिवसापासून. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास या कागदांसाठी एक टेबल मांडून बसावे. एका दाखल्यापायी गेलेली जागा वर्षभर परत येत नाही. दुसरे काम शहरात. एका तालुक्यातून आलेल्या चार-पाच नवागतांमागे त्याच भागातला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी नेमून द्यावा. त्याने पहिले तीन आठवडे बरोबर हिंडावे. ग्रंथालयाचे कार्ड, बसचा पास, स्वस्त खानावळ, विषयांची निवड हे सारे दाखवावे, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ अवघड धडे मराठीत समजावून द्यावेत. तिसरे काम फिरत्या निधीचे. प्रत्येकी थोडी वर्गणी काढून खानावळीपुरती बिनव्याजी उचल द्यावी. शिष्यवृत्ती आली की ती परत यावी आणि पुढच्याला मिळावी. कोणी किती घेतले, हे बाहेर बोलले जाऊ नये. चौथे काम ऐकण्याचे. जो जेवायला येईनासा झाला, फोन उचलेनासा झाला, त्याच्या खोलीवर जावे. उपदेश करू नये. बसावे, ऐकावे, गरज दिसली तर शिक्षकांपर्यंत वा डॉक्टरांपर्यंत न्यावे. मानसिक आधारासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे, तो क्रमांक प्रत्येकाच्या वहीत असावा.

एक पथ्य मात्र कडक पाळावे लागेल. पहिल्या आठवड्यात त्या मुलापुढे सभासदत्वाचा अर्ज ठेवू नये. भुकेल्याच्या ताटावर झेंडा लावणे हे समाजवाद्याला शोभत नाही. ज्याला मदत मिळाली त्याने उद्या वेगळ्या विचाराची वाट धरली, तरी ती मदत वाया गेली असे समजू नये. शाहू महाराजांनी वसतिगृहाच्या दारात कोणाची निष्ठा तपासल्याचे ऐकिवात नाही.

विद्यार्थ्याला बदलावे लागणार नाही, असा याचा अर्थ नाही. त्याने इंग्रजी शिकावे, प्रश्न विचारण्याचे धाडस करावे, नव्या माणसांत मिसळावे. शिक्षण म्हणजे बदलच. पण त्याने आपली बोली, आपले आडनाव आणि आपल्या आईचे फडावरचे कष्ट लपवून रुळावे, ही अपेक्षा गैर आहे. निम्मे अंतर त्याने चालावे, निम्मे विद्यापीठाने. विद्यापीठ चालू लागेपर्यंत तेवढे अंतर कार्यकर्त्याने चालावे.

या कामाचे यश मोजायला अहवाल लागणार नाही. पुढच्या जूनमध्ये एसटी स्थानकावर जावे. गेल्या वर्षी वळकटी घेऊन एकटा उतरलेला मुलगा तेथे दुसऱ्या कोणाची वळकटी उचलायला उभा असला, तर वाट रुळू लागली असे समजावे.