आधी वाळू द्या, मग व्हार्निश



पोळा तोंडावर आलाय. दर्यापूरच्या बाजारात लाकडी नंदी दिसायला लागतील, घरोघरी माळ्यावरचे जुने नंदी खाली उतरतील, आणि लेकरं रंगाच्या डब्या मागतील. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी नागपुरात लेकरांसाठी हा तान्हा पोळा सुरू केला, 1806 साली, असं सांगतात. तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, नंदी रंगवायचा कसा तेही ठाऊक आहे. मला बोलायचंय ते रंगवून झाल्यावरचं, म्हणजे व्हार्निशचं. आणि त्यातही एकाच गोष्टीसाठी आलोय: रंग आतपर्यंत वाळल्याशिवाय व्हार्निशच्या डब्याचं झाकण काढू नका.

आपल्याकडे होतं काय, पोळ्याच्या संध्याकाळी रंग मारला, बोट लावून पाहिलं, चिकटत नाही म्हटलं की लगेच वरून व्हार्निश. सकाळी लेकरू नंदी घेऊन निघतं आणि दुपारी रंग हाताला येतो. मग दोष दुकानदाराला. अहो, दुकानदारानं काय करावं?

घरात लोणचं घालतात ते आठवा. कैरीच्या फोडी पुसायच्या, फडक्यावर पसरायच्या, बरणी उन्हात तापवून कोरडी करायची, आणि मग सगळ्यांत शेवटी वरून तेल. तेलाचं काम हवा आणि पाणी बाहेर ठेवायचं. पण फोडीत ओल राहिली असेल, तर तेच तेल ती ओल आत कोंडतं. व्हार्निश म्हणजे ते वरचं तेल. ते बाहेरचं आत येऊ देत नाही, तसं आतलं बाहेरही जाऊ देत नाही. खाली ओला रंग असेल तर वरचा थर सुरकुततो, त्याला फोड येतात, किंवा महिनाभर चिकटच राहतो.

आता ओळखायचं कसं? मातीचा बैल असेल तर तो गालाला लावून बघा. बोटाला कळत नाही ते गालाला कळतं. गार लागला तर आतून अजून पाणी उडतंय, ठेवा परत. ऑइल पेंट असेल तर नाकाशी धरा. टर्पेंटाइनचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही, वरून कितीही कडक लागो. ॲक्रिलिक अर्ध्या तासात सुकल्यासारखा दिसतो, तरी त्याला एक पूर्ण दिवस द्या. ऑइल पेंटला आठवडा. झड लागलेली असेल तर त्याहून जास्त.

झडीचं खास सांगतो, कारण पोळा श्रावणातल्या अमावस्येला, म्हणजे नेमका दमट हवेचा. स्प्रेच्या डब्यातलं व्हार्निश मारलं की त्यातलं द्रावण झपकन उडतं, पृष्ठभाग एकदम गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर बसते. काळा नंदी पांढुरका दिसायला लागतो. चपडी, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, तिचंही तेच होतं. उघडीप मिळेल त्या दुपारी, घरातल्या कोरड्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून हे काम करा. आणि चपडी ॲक्रिलिकवर ब्रशनं मारू नका, स्पिरिटनं खालचा रंग सुटतो.

आणखी एक, आपल्या भागापुरतं. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. बोअरच्या पाण्यात माती मळली, त्याच पाण्यात रंग कालवला, तर ते क्षार जातात कुठं? माती वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येतं, क्षार सोबत आणतं, आणि स्वतः उडून जातं. मागे पांढरी भुकटी राहते. व्हार्निशच्या आधी ती दिसली तर कोरड्या ब्रशनं झटकता येते. व्हार्निशच्या खाली आली की तिच्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून रंगाला शहानूर धरणाच्या नळाचं किंवा कॅनचं पाणी घ्या, आणि मातीच्या बैलाला व्हार्निशआधी सवड द्या. विसर्जन करायचं असेल तर व्हार्निश लावूच नका. माती पाण्यात विरघळायला हवी.

हीच गोष्ट दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांची. ते बिचारे ओल्या मातीत उभे. हळीव पेरलेलं, त्यावर लेकरं दोन वेळा पाणी शिंपडणार. आपण मावळ्याचा फेटा चकचकीत करतो आणि तळवे कोरे सोडतो. लोणच्यात एक फोड तेलाच्या वर उघडी राहिली की तिथूनच बुरशी धरते ना? तसंच पाणी त्या तळव्यातून वर चढतं. आधी खालची बाजू, ती वाळली की मग वरची. नंदीचंही पोट आणि चाकांच्या आतल्या कडा सोडू नका, लाकूड तिथूनच पाणी पितं.

ज्या वस्तू हाताळायच्या असतात, त्यांना जुन्या कारागिरांनी कधी उघडं सोडलं नाही. सावंतवाडीच्या गंजिफेचे पत्ते घ्या. दशावतारी गंजिफेत 120 पानं, प्रत्येक पान चिंचोक्याची खळ लावून, घोटून, रंगवून, वर लाखेचा थर. घाम लागणार, बोटं घासणार, हे त्यांना माहीत होतं. ती लाख पळस, बोर, कुसुम यांच्यावरच्या किड्यांची. पळस तर आपल्याकडेही फुलतो.

परदेशात मोठी माणसंही छोट्या शिपायांनी लढाईचे खेळ खेळतात. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये त्यावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिलं. आज आपल्याकडच्या शहरांतही काही तरुण 28 मिलिमीटरचे शिपाई रंगवतात. त्यांची एक रीत घेण्यासारखी आहे: आधी चकाकीचं व्हार्निश, कारण ते टणक. ते पूर्ण वाळलं की वरून चकाकी मारणारं, मॅट. मॅटमध्ये सिलिकाची बारीक पूड असते, ती तळाशी बसते, म्हणून डबा चांगला हलवायचा. स्प्रे असेल तर मिनिटभर तरी. जाड थर दिला की पूड पांढरी दिसते. दोन पातळ हात द्या, आणि दोन हातांच्या मध्ये काय करायचं? वाळू द्यायचं. पुन्हा तेच सांगतोय, कारण इथंच सगळे घाई करतात.

आता ब्रश. मऊ केसांचा, पूर्ण कोरडा. ओला चमचा बरणीत घालणाऱ्याला घरात बोलणी बसतात, तेवढीच ओल्या ब्रशवाल्याला बसायला हवीत. पाठीच्या कण्यापासून खाली ओढायचं आणि ओढलेल्या जागी परत फिरायचं नाही. शिंगांच्या बेचक्यात, कानांच्या मुळाशी व्हार्निश साचतं. ब्रश पुसून त्याच्या टोकानं ते टिपून घ्या, नाहीतर तिथं पिवळा थेंब गोठतो. पोस्टर कलर असेल तर ब्रश लावूच नका, तो डिंकाचा रंग, पाण्याच्या व्हार्निशनं पसरतो. आधी स्प्रेचा हलका हात द्या, आणि...

वेळ संपत आली, खूण होतेय. जुन्या नंदीवरचं पिवळं पडलेलं व्हार्निश काढायचं कसं, ते राहिलंच. तूर्त एवढंच, काढायच्या भानगडीत पोळ्याच्या आठवड्यात पडू नका. या रविवारी रंगवायला घ्या म्हणजे मध्ये दिवस मिळतील. ऑइल व्हार्निशचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवा, चपडीचा स्पिरिटमध्ये, आणि दोन्ही बाटल्या लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचावर ठेवा. स्वयंपाकघरात तर मुळीच उघडू नका, जवळ गॅस असतो.