अग्निबाणाच्या खिडकीतून सूर्यदर्शन

सूर्यप्रकाश रोज अंगणात उतरतो. परंतु सूर्याचे सारे तेज जमिनीपर्यंत पोहोचत नाही. जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांपैकी बरेचसे आणि क्ष-किरण तर सर्वच वातावरणात शोषले जातात. या कवचामुळे जीवसृष्टीचे रक्षण होते. पण त्यामुळेच सूर्याचे एक रूप दीर्घकाळ दृष्टीआड राहिले.

ते पाहण्याची संधी दुसऱ्या महायुद्धानंतर आली. शहरांवर मारा करण्यासाठी जर्मनीने बनविलेले व्ही-२ अग्निबाण अमेरिकेच्या हाती पडले होते. जून १९४६ मध्ये न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून रिचर्ड टाउसी यांच्या गटाचे वर्णपट टिपणारे उपकरण त्यातून पाठविण्यात आले. अग्निबाण टोकावर कोसळून जमिनीत गडप झाला व उपकरणाचा चुराडा झाला. पुढच्या खेपेस ते शेपटीच्या पंखात बसविले गेले. १० ऑक्टोबर १९४६ रोजी ओझोन थराच्या वरून घेतलेला सूर्याचा पहिला जंबुपार वर्णपट सुखरूप हाती आला.

क्ष-किरणांतील पहिले छायाचित्र १९ एप्रिल १९६० रोजी एअरोबी अग्निबाणातील सूचिछिद्र कॅमेऱ्याने घेतले. अग्निबाण फिरत असल्याने ते पुसट झाले. पुढे आरशांच्या दुर्बिणी आल्या. समोरून आलेले क्ष-किरण साधा आरसा परतवू शकत नाही; अगदी तिरपे आले तरच ते परावर्तित होतात. म्हणून या दुर्बिणींचे आरसे नळीसारखे असतात.

या किरणांत सूर्याचे बाह्य वातावरण, म्हणजे किरीट, दिसतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असताना किरीट मात्र दहा लाख अंशांहून तप्त असतो. हे कोडे अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही. ११ जुलै २०१२ रोजी ‘हाय-सी’ दुर्बिणीने अग्निबाणातून अवघी पाच मिनिटे निरीक्षण केले आणि चुंबकीय धाग्यांचे वेणीसारखे पीळ दाखविले. त्या पिळांत साठलेली ऊर्जा हे किरीट तापण्याचे एक कारण मानले जाते.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. मार्च १९८९ मधील सौरवादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती. अशा वादळांचा उगम समजावा, यासाठी सूर्याची अखंड पाहणी हवी. पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली घडविलेली ‘सूट’ ही जंबुपार दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून याच कार्यासाठी रवाना झाली. अग्निबाणांच्या त्या मोजक्या मिनिटांनीच ही वाट प्रथम दाखविली होती.