टाळ्या वाजवण्याआधी

(आटपाडीतल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या तालुक्यातल्याच एका गावात पुढारी व्यासपीठावरून म्हणाले, "या गावात हजार मुलांमागे पंधराशे मुली! आम्ही लेक वाचवली!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर अंगणवाडीताईंची वही पाहिली. वर्षभरात जन्म वीस. बारा मुली, आठ मुलगे.

रुपयाचं नाणं वीस वेळा उडवा. बारा-आठ किंवा त्याहून मोठा फरक, या नाहीतर त्या बाजूला, साधारण निम्म्या वेळा पडतो. उद्या आठ मुली नि बारा मुलगे जन्मले, तर हाच आकडा ६६७ होईल. मग जाब कोणाला विचारणार? गावातल्या सुनांनाच ना?

जिल्ह्याचा आकडा मात्र नशिबाचा खेळ नाही. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ साली होत्या ८५१, २०११ साली ८६७. लाखो मुलांमध्ये एवढी तूट आपोआप पडत नाही. ती मुख्यतः गर्भलिंगतपासणीने पाडली. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तो स्त्रियांच्या नि आरोग्य कार्यकर्त्यांच्या लढ्यामुळे. नुसत्या कायद्याने तूट भरली नाही.

म्हणून ग्रामसभेत आकडा ऐकलात की विचारा, किती जन्मांवरून काढला? किती वर्षांचा? आणि सोनोग्राफी केंद्रांची तपासणी शेवटची कधी झाली?

हिशेब आपल्याला नवा नाही. बचतगटाच्या वहीत आपण पै-पैचा करतोच. आता लेकींचाही मागू या.